हजेरीपटावरची सिस्टर

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

तीन वर्षांनी आज पांढरा युनिफॉर्म घातला. कमरेत आवळला, बटण लावताना श्वास धरावा लागला. पण आरशात बघून बरं वाटलं, हे कबूल करते.

सोमेश डॉक्टरांच्या हॉस्पिटलात आज तपासणी होती. हॉस्पिटलची नोंदणी ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी खाटा किती आणि शिकलेल्या नर्स किती, हे दाखवावं लागतं. तिथल्या मुली कामाला चांगल्या आहेत म्हणे, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली एकही नाही. म्हणून मी. नवऱ्याच्या आजारपणात नोकरी सोडली तरी माझं रजिस्ट्रेशन मी मरू दिलेलं नाही. दर पाच वर्षांनी फॉर्म भरते, प्रशिक्षणाचे तास पुरे करते. नंबर गेला तर मी कोण उरले, असं वाटतं.

तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "सिस्टर, दिवसपाळीला तुमच्या हाताखाली किती जणी?"

"तिघी," मी म्हणाले.

मग तातडीच्या ट्रेमधली औषधं विचारली. ती मी न अडखळता सांगितली. बाई हसल्या आणि कागदावर खूण करून पुढं गेल्या. एक खोटं आणि एक खरं, दोन्ही एकाच सुरात निघालं.

भिंतीवर सोमेशच्या डिग्रीशेजारी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. "अक्का, तुमच्यामुळं पास झालो," तो म्हणाला. हा मुलगा नवा नवा डॉक्टर होऊन आमच्या वॉर्डात आला तेव्हा सलाईनची सुई लावताना त्याचा हात कापायचा. मनगट धरून मी शिकवलं होतं. यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यानंच स्वतःच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं, अकरा दिवस. बिलाचं नाव काढलं नाही. महिन्यानं आला आणि म्हणाला, "तुमचा कागद फक्त द्या, अक्का. यायची गरज नाही." त्याला नाही कसं म्हणायचं?

घरी आले तर हे जागे होते. झटक्यात यांचा उजवा हात गेला, पाय गेला आणि मराठी गेली. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. आता तोंडात फक्त आईची कानडी उरलीय, तीही दहा-वीस शब्द. माझ्या युनिफॉर्मकडं बघत म्हणाले, "ब्याड. ब्याड." नको, नको. जेवण नको असेल म्हणून मी ताट परत नेलं.

२८ फेब्रुवारी

अजिनाथ येऊन गेला. हॉस्पिटलचा मॅनेजर. दर महिन्याला हजेरीपट घेऊन येतो, मी सह्या करते. आज म्हणाला, "मार्चच्याही करून ठेवा की मॅडम, माझा फेरा वाचंल." केल्या. एकतीस सह्या. शेवटी शेवटी अक्षर घाईचं झालं.

२० मार्च

काल दुपारी सोमेशच्या हॉस्पिटलात एक बाई गेली. केराबाई नावाची, वय चाळीसच्या आत. धनगराची. माळशिरसकडची माणसं, मेंढरं घेऊन मोहोळच्या रानात उतरली होती. उलट्या-जुलाब झाले म्हणून आणलं होतं. दोन दिवसांत घरी जायची बाई.

अजिनाथचा फोन आला. "कुणी विचारलं तर काल तुम्ही दिवसपाळीला होता, एवढं ध्यानात ठेवा."

काल दुपारी मी यांच्या पायाला तेल चोळत होते.

२३ मार्च

सोमेश स्वतः घरी आला. चप्पल बाहेर काढून, जुन्या सवयीनं वाकून नमस्कार केला. यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला शरम वाटली. ज्यानं जीव वाचवला त्याच्याशी असं?

चहा घेत त्यानं सांगितलं. केराबाईचं पोटॅशियम कमी झालं होतं. तो बाहेर होता, फोनवरून इंजेक्शन सांगितलं. ड्युटीवर सुकन्या होती. पुढचं त्यानं सांगायच्या आधी मला कळलं. ते औषध सलाईनच्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबानं द्यायचं असतं. सुकन्यानं सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत दिलं. तसं दिलं की हृदय थांबतं. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि आमची ट्यूटर ते लाल शाईनं लिहून घ्यायची.

"सुकन्यानं कुठं शिक्षण घेतलंय?" मी विचारलं.

"बारावी झालीय. सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स. हात हलका आहे हो तिचा, पेशंट खूश असतात."

मी त्याच्या पुढ्यातला रिकामा कप उचलला.

"अक्का, पोस्टमॉर्टेममध्ये हृदय बंद पडलं, एवढंच आलंय. तिच्या नवऱ्यानं तक्रार दिलीय. चौकशी होईल. तुम्ही म्हणायचं, मी होते, औषध बाटलीतूनच दिलं, बाई आधीच अशक्त होती. पंचवीस वर्षांची अनुभवी नर्स होती म्हटल्यावर कुणी पुढं विचारत नाही. त्या पोरीच्या पदरात चार वर्षांची मुलगी आहे. तिला तुरुंगात घालायचं का?"

जाताना म्हणाला, "कागदावर तर तुम्हीच आहात ना, अक्का." आवाज मऊ होता. मला धीर द्यायलाच म्हणाला असेल.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, पण गोड केलं नाही. यांनी विचारलंही नाही.

अकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा. डोक्याला गुलाबी पटका, खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसला.

"तुमीच रुद्राणीबाई का?"

"हो."

"मी बिरुदेव. केराबाईचा मालक." हॉस्पिटलच्या कागदाची घडी त्यानं उघडली. "ह्येच्यावर तुमचं नाव हाय. कुणाकडनं तरी वाचून घेतलं. पत्ता हुडकत आलो."

मला वाटलं, आता हा ओरडेल. शिव्या देईल. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. पण तो खाली बघत म्हणाला, "मी भांडाय न्हाय आलो, बाई. मला येवढंच इचारायचंय. तवा मी खाली च्या प्यायला गेलतो. वर आलो तर समदं झालंवतं. तुमी हुता की तितं. शेवटाला ती काय बोलली का?"

मी काय करायला हवं होतं? त्याला सांगायला हवं होतं, की मी नव्हते. पण माझं मीच ऐकलं, "पाणी मागितलं. मी दिलं. शांत गेली. त्रास झाला नाही."

त्यानं बराच वेळ मान हलवली. "पानी पेली म्हना की. बरं झालं. तुमच्या हातचं पेली." मग माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी मागं सरले, तरी बोटं लागलीच.

तो गेल्यावर मी दोन वेळा आंघोळ केली.

६ एप्रिल

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, आणि ते लिहवत नव्हतं.

आज शेजारच्या वहिनींना यांच्याजवळ बसवून चिंचोळी एमआयडीसीला गेले. सुकन्याचा नवरा तिथं कारखान्यात आहे. पत्र्याच्या चाळीत एक खोली. मला वाटलं होतं वीस-एकवीसची अल्लड पोर असेल. सव्वीस-सत्तावीसची, शांत चेहऱ्याची बाई निघाली. मी नाव सांगितल्यावर तिनं मुलीला बाहेर खेळायला पाठवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमचं सर्टिफिकेट रोज पुसायचे मी," म्हणाली. "मला वाटायचं, कधीतरी याल. तपासणीला आलात त्या दिवशी माझी सुट्टी होती. सरांना म्हटलं होतं, मोठ्या सिस्टर आल्या तर मला नीट शिकवतील."

"काय झालं ते मला सांग. सगळं," मी म्हणाले.

तिनं सांगितलं. डॉक्टरांचा फोन आला. नाव सांगितलं, 'लाव' म्हणाले आणि ठेवला. कसं लाव, हे तिनं विचारलं नाही. आधी कधी विचारलं होतं तेव्हा ओरडा बसला होता. बाकीची इंजेक्शनं शिरेतून देते तसं दिलं. अर्धं गेल्यावर केराबाई म्हणाली, "बाई, हात जळतोय. काढ." सुकन्या म्हणाली, "थोडंच राहिलंय, मावशी." केराबाईनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. परत म्हणाली, "काढ गं बाई." सुकन्यानं उरलेलं दिलं.

"त्या धरून होत्या माझा हात," ती म्हणाली. "मग सुटला."

बाहेर मुलगी पत्र्यावर खडे मारत होती. निघताना तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही म्हणणार ना, तुम्ही दिलं म्हणून? सर म्हणाले, तुम्हाला काही होत नाही. नोंदणी असली की काही होत नाही."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. नाही म्हणायचं धाडस नव्हतं, हो म्हणायचंही नव्हतं.

१७ एप्रिल

कौन्सिलची नोटीस आली. जाड लिफाफा. 'परिचारिका रुद्राणी' असं सुरुवातीला, खाली माझा नंबर. आजवर त्या पत्त्यावरून फक्त नूतनीकरणाचे कागद आलेत. या कागदाप्रमाणे केराबाईला इंजेक्शन मी दिलं. खुलासा मागितलाय.

मी नोटीस तीनदा वाचली. आधी राग आला, मी तर तिथं नव्हतेच. मग लक्षात आलं, हाच तर गुन्हा. मी असते तर त्या पोरीच्या हातातून सिरिंज काढून घेतली असती. एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. तिथं एक शिकलेली बाई असावी म्हणून कायदा आहे, आणि ती आहे असं मी एकतीस वेळा लिहून दिलं. माझं नाव नसतं तर हॉस्पिटलला परवानगी मिळाली नसती. परवानगी नसती तर मोहोळहून येणारी गाडी दुसऱ्या दवाखान्याकडं वळली असती.

नोटीस यांना वाचून दाखवली, मराठीतच. कळतं का कुणास ठाऊक. डाव्या हातानं कागद ओढून घेतला आणि छातीवर उलटा धरून झोपले.

५ मे

सोमेशला सांगितलं. फोनवर नाही, त्याच्या केबिनमध्ये जाऊन. मी खरं लिहून देणार आहे, म्हणाले.

तो ओरडला नाही. दार लावून घेतलं. "अक्का, तुमची नोंदणी जाईल. सुकन्यावर गुन्हा लागेल. मी वकील लावीन, दोन-चार महिन्यांत सुटेन. मरणार तुम्ही दोघी. विचार केला का?"

"केला."

"आणि त्यानं ती बाई परत येणार आहे?"

"नाही."

"मग कशासाठी?"

"नोंद चुकीची आहे, सोमेश. नोंद चुकीची राहिली तर पुढची पाळी चुकते," एवढंच म्हणाले. वॉर्डातलं बोलणं. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू माझं वय झालंय.

मग म्हणाला, "चनमल्लप्पा सरांसाठी मी काय केलं ते विसरलात."

विसरले नाही. रस्ताभर तेच आठवत आले. अकरा दिवस. पण एक गोष्ट आज पहिल्यांदा मनात आली. त्या अकरा दिवसांत यांना औषधं कोण देत होतं? मी रात्री असायचे. दिवसा एक मुलगी असायची, हात हलका असलेली. नाव विचारलं नव्हतं, चेहराही आठवत नाही. यांना दुसरा, मोठा झटका आला तो तिथंच, सातव्या दिवशी. "असं होतं, अक्का," सोमेश म्हणाला होता.

असं होतंही. उगाच काही लिहायला नको.

१२ जून

मुंबईला जाऊन आले. समोर कौन्सिलचे पाच जण बसले होते. एका बाईंच्या टेबलावर माझ्या सह्यांचा हजेरीपट. त्यांनी विचारलं, "या सह्या तुमच्या?"

"हो."

"आणि १९ मार्चला तुम्ही कामावर होता?"

"नव्हते. तीन वर्षांत फक्त एक दिवस होते. तपासणीच्या दिवशी."

त्या बाई माझ्याच वयाच्या, केसांची तशीच गाठ. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "सिस्टर, का केलंत हो?" कागदावर लिहायचा प्रश्न नव्हता तो.

मी यांच्या आजाराचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ते कारण नव्हतं. "भिंतीवर नाव लावलं होतं," मी म्हणाले. "बरं वाटलं."

सुकन्याबद्दल मी विनंती केली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ती आमच्या रजिस्टरवर नाही. आम्ही फक्त नोंदणी असलेल्यांना विचारू शकतो. तिचं पोलीस बघतील."

म्हणजे जी शिकली तिला विचारायला पाच माणसं, आणि जी शिकली नाही तिला विचारायला कुणी नाही. फक्त पकडायला आहेत.

२ सप्टेंबर

आदेश आला. नाव रजिस्टरवरून काढलं. तीन वर्षांनी अर्ज करता येईल, तेव्हा विचार होईल. तेव्हा मी अठ्ठावन्न. मूळ सर्टिफिकेट परत पाठवायचंय. हॉस्पिटलातून फ्रेम मेमध्येच आणली होती, मागचे खिळे काढून कागद बाहेर घेतला. त्यावरच्या फोटोत मी एकवीस वर्षांची आहे. कडेला वाळवी लागलेली.

सुकन्या जूनमध्ये पकडली गेली, जुलैअखेर जामिनावर सुटली. चिंचोळीची खोली सोडून माहेरी गेली म्हणतात. मी दोन वेळा फोन केला, उचलला नाही. तिचा दोष नाही.

सोमेशचं हॉस्पिटल सील झालं होतं. गेल्या आठवड्यात त्या रस्त्यानं गेले तर पाटी नवी, दुसऱ्या डॉक्टरचं नाव. आत काउंटरवर अजिनाथ होता. सोमेशवर खटला आहे, तारखा पडतात. भिंतीवर आता कुणाचं सर्टिफिकेट आहे, ते आत जाऊन बघायला हवं होतं. पाय उचलले नाहीत.

१९ सप्टेंबर

आज बिरुदेवकडं गेले. पहाटेच उठून यांचं सगळं आवरून, वहिनींना सांगून, एसटीनं माळशिरस आणि तिथून वडापच्या जीपनं वस्तीवर. पावसाळ्यात मेंढरं घेऊन ही माणसं घरी असतात.

तो मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला काट्या लावत होता. मला बघून हात पुसत आला. "या की. बसा." घोंगडं अंथरलं. केसचं त्याला अजून कुणी काही कळवलेलं दिसत नव्हतं.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. मी त्या दिवशी तिथं नव्हते. पाणी मी दिलं नाही. तिनं मागितलंही नाही. ती म्हणाली, हात जळतोय, काढ. दोनदा म्हणाली. इंजेक्शन देणाऱ्या, न शिकलेल्या पोरीचं मनगट धरलं होतं.

तो ऐकत राहिला. मेंढरांच्या आवाजात मला वाटलं, पुरतं ऐकू गेलं नसेल. पण गेलं होतं.

"म्हंजे ती वरडली," तो म्हणाला.

"हो."

"आन् मी खाली च्या पीत बसलो."

"तुम्हाला ऐकू गेलं नसतं. मजला वर होता."

"सा म्हैनं झालं," तो म्हणाला. "समद्यास्नी सांगत आलो, पानी पिऊन गप गेली म्हनून. तिच्या आईला सांगितलं. पोरांस्नी सांगितलं. आता त्यांस्नी काय सांगू, तुमीच सांगा."

माफी मागायचं ठरवून गेले होते, पण तो शब्द तिथं फार लहान वाटला. तो परत काट्यांकडं गेला. एक काटी रोवली, मग तिलाच धरून उभा राहिला, पाठ माझ्याकडं. मी उभीच. जायचं तर कसं जायचं?

तेवढ्यात झोपडीतून त्याची आई बाहेर आली, भिंत धरत. डोळ्यांत मोतीबिंदू. "बिरू, कोन आलंय? दवाखान्यातली बाई हाय व्हय? बघा की गं माजा पाय." नडगीवर काट्याची जखम, कडेनं हिरवट झालेली. चिंधी बांधली होती. माझे हात आपोआप पुढं गेले आणि थांबले.

"आजी, मी आता नर्स नाही," मी म्हणाले. "सरकारी दवाखान्यात दाखवू."

बिरुदेव वळून बघत होता. घरात गेला, चप्पल घालून आला. आईला पाठुंगळी घेतलं. मी पिशवी घेतली आणि मागून चालले.

आरोग्य केंद्रात तिशीतली नर्स होती, कामात. जखम धुतली, पू काढला. मग धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली. म्हातारीच्या दंडाला कापूस लावला, तेव्हा बिरुदेवनं आईचा हात आपल्याकडं ओढून घेतला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या हाय का?"

नर्सचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ओळीतली माणसं बघायला लागली. "काय हो हे," ती मला म्हणाली, मी त्यांच्यातली जाणती दिसले म्हणून. "समजावा की यांना."

"सांगा त्यांना," मी म्हणाले. "विचारलंय तर सांगा."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि सांगितलं. आपलं नाव, कुठल्या कॉलेजात, किती वर्षं, कोणत्या साली. कौन्सिलचा नंबरही सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मग इंजेक्शनची बाटली उचलून त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि तारीख वाचली.

बिरुदेव लक्ष देऊन ऐकत होता. त्यातलं त्याला किती कळलं, माहीत नाही. सगळं सांगून होईपर्यंत तो थांबला. मग त्यानं आईचा हात सोडला.